पाच मिनिटांत सगळं ठीक झालं, मग डॉक्टरकडे कशाला?

मागच्या अंकात स्ट्रोकबद्दल, म्हणजे लकवा किंवा अर्धांगवायूबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले. बरेच प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापत नाहीये. एक गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसली, लोक घाबरलेले असतात तोपर्यंत सगळं नीट करतात आणि जरा बरं वाटलं की सोडून देतात. त्यामुळे उत्तरात कुठे चिडल्यासारखा वाटलो तर सांभाळून घ्या.

प्रश्न: बाबा ६४ वर्षांचे आहेत. परवा जेवताना हातातला चमचा एकदम गळून पडला, तोंड एका बाजूला वाकडं झालं आणि बोलणं अडखळायला लागलं. आम्ही धावपळ करेपर्यंत पाचेक मिनिटांत सगळं जसंच्या तसं! आता ते म्हणतात ॲसिडिटी झाली असेल, दवाखान्यात यायला तयारच नाहीत. थोडे दिवस वाट बघू का?

अजिबात नाही. हे वाचताय त्याच दिवशी न्या, आणि ओपीडीत नंबर लावून बसू नका, सीटी स्कॅन किंवा एमआरआय होतो अशा हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. ॲसिडिटीने हातातला चमचा पडत नाही हो. याला टीआयए म्हणतात, बोलताना लोक मिनी स्ट्रोक म्हणतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि सुदैवाने ती आपोआप विरघळली किंवा पुढे सरकली म्हणून हात परत आला, पण ती गुठळी जिथून सुटली ती जागा अजून तशीच आहे ना! मोठा स्ट्रोक यायचा धोका सगळ्यात जास्त असतो तो नेमका यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत, आणि पुढचे काही आठवडेही तो बराच असतो. ऑक्सफर्डमधे २००७ साली एक अभ्यास झाला होता, अशा पेशंटला वाट बघायला न लावता लगेच तपासून लगेच औषधं सुरू केली तर पुढच्या तीन महिन्यांत परत स्ट्रोक यायचं प्रमाण ८० टक्क्यांनी कमी झालं. औषधं काही जगावेगळी नव्हती, ती फक्त वेळेवर दिली गेली.

तिथे गेल्यावर मानेतल्या नसांची डॉपलर सोनोग्राफी होईल, ईसीजी होईल, बीपी शुगर कोलेस्टेरॉल बघतील. मानेतली नस खूपच आकसलेली निघाली तर ऑपरेशन किंवा स्टेंटचं विचारतील, तेही शक्यतो दोन आठवड्यांच्या आत करायचं असतं. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील (एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात त्याला) तर स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट असतो आणि त्याची गोळी वेगळी असते. म्हणूनच ओळखीच्या कुणाची रक्त पातळ करायची गोळी आणून बाबांना देऊ नका, कुणाला कुठली आणि किती दिवस हे तपासणीनंतरच ठरतं.

प्रश्न: आई सकाळी सहाला उठली तेव्हाच उजवा हात पाय लुळा होता. हॉस्पिटलमधे कधी सुरू झालं विचारलं, आम्ही सहा वाजता सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले तसं मोजत नाहीत. मग कसं मोजतात? आणि शेजारचे ॲस्पिरिन आणि बीपीची गोळी द्या म्हणत होते, ती द्यायला हवी होती का?

वेळ मोजतात ती माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून. रात्री अकराला आईशी नीट बोलणं झालं असेल तर अकरा, मधे दोनला बाथरूमला गेली तेव्हा नीट चालत होती असं कुणी पाहिलं असेल तर दोन. हे एवढं महत्त्वाचं कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. पण म्हणून झोपेत झालं म्हणजे संपलं असं समजून घरी बसायचं नाही, काही पेशंटमधे एमआरआयवर कळतं की इजा ताजी आहे, आणि मोठी नस बंद असेल तर मांडीतून किंवा मनगटातून तार घालून गुठळी बाहेर काढतात, ते निवडक पेशंटमधे २४ तासांपर्यंतही करतात. उशीर झालाय की नाही ते त्यांना ठरवू द्या.

गोळ्या दिल्या नाहीत ते उत्तम केलंत. १०० मधले साधारण ८५ स्ट्रोक गुठळीने होतात आणि बाकीचे मेंदूत रक्तस्राव होऊन, आणि बाहेरून बघून कुठला ते मलाही सांगता येत नाही, त्याला सीटीच लागतो. रक्तस्राव असताना ॲस्पिरिन दिली तर काय होईल विचार करा. बीपीचं पण तसंच, त्या वेळी बीपी वाढलेलंच असतं कारण शरीर अडलेल्या भागापर्यंत रक्त ढकलायचा प्रयत्न करत असतं, ते घरच्या घरी झपकन खाली आणलं तर जो भाग अजून वाचू शकतो तोही जातो. घोटभर पाणीसुद्धा नको, गिळायचे स्नायू कमजोर झालेले असतात, पाणी श्वासनलिकेत जाऊन न्युमोनिया होतो. घरात मशीन असेल तर शुगर मात्र बघा, कारण शुगर खूप उतरली की हुबेहूब असंच दिसतं. आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, विशेष करून रक्त पातळ करायची गोळी असेल तर शेवटची कधी घेतली ते, इंजेक्शन द्यायचं की नाही ते त्यावर अडतं.

चेहरा वाकडा, हात गळालेला, बोलणं अडखळतंय हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. पण अचानक तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, एका बाजूचं दिसायचंच बंद होणं हाही स्ट्रोक असू शकतो आणि तो चक्कर म्हणून घरीच राहतो.

प्रश्न: बीपी आता १२५/८० येतंय, गोळी बंद केली तर चालेल ना?

ते गोळीमुळे येतंय. बंद कराल तर वाढेल, आणि वाढलेलं तुम्हाला कळणारही नाही कारण डोकं दुखेलच असं काही नसतं. स्ट्रोकच्या टाळता येण्यासारख्या कारणांमधे बीपी एक नंबरला आहे. मीठ कमी केलं, वजन उतरलं, चालणं वाढलं तर डॉक्टर डोस कमी करतीलही, पण ते त्यांना विचारून. तुमच्यासोबत ज्यांनी ३० वर्षं सिगारेट ओढल्यावर आता सोडून काय फायदा असं विचारलंय त्यांना पण सांगतो, फायदा आहे, काही वर्षांतच धोका चांगला खाली येतो.

प्रश्न: सासूबाईंना स्ट्रोक होऊन पाच महिने झाले. चालतात आता, पण उजवा हात तसाच, खांदा खूप दुखतो. सगळे म्हणतात तीन महिन्यांत जे येतं तेच येतं. फिजिओ बंद करून नुसता मसाज चालू ठेवलाय.

फिजिओ परत सुरू करा ताई. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरं, पण नंतर ती थांबते हे खरं नाही, हळू होते. होतं काय, डावा हात सगळं करतो, घरचेही पटापट हातात देतात, आणि उजव्याला काम न मिळाल्यामुळे मेंदू त्याला विसरतो. मसाजने बरं वाटत असेल तर करा, माझं काही म्हणणं नाही, पण हात परत येतो तो हाताने स्वतः काम करायचा प्रयत्न केल्याने, पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत. टेबलासमोर बसवा, उजव्या तळव्याखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा, वर डावा हात ठेवून दोन्हींनी टॉवेल पुढे सरकवायचा आणि मागे आणायचा, नंतर हळूहळू डाव्याची मदत कमी करायची. बोटांत थोडी जरी हालचाल असेल तर चांगला हात बांधून ठेवून कमजोर हाताकडून काम करून घ्यायची एक पद्धत असते, ती फिजिओलाच विचारून करा. बोटं कडक आवळली जात असतील तर त्यावर इंजेक्शन आणि स्प्लिंट आहे.

खांद्याचं आधी बघा. उठवताना त्यांना तो हात धरून किंवा काखेत हात घालून ओढता का? बहुतेक घरात तसंच करतात, आणि सैल पडलेला खांदा त्याने सांध्यातून खाली सरकतो. कमरेला धरून उठवा, बसल्यावर हात लोंबकळत न ठेवता उशीवर ठेवा. आणि शेकताना पाणी आधी स्वतःच्या हाताने तपासा, संवेदना कमी असेल तर भाजलं तरी त्यांना कळणार नाही.

प्रश्न: मिस्टरांना डाव्या बाजूच्या मेंदूत स्ट्रोक झाला. साधं पाणी मागता येत नाही पण एक ते दहा आकडे म्हणतात, गाणं म्हणतात, चिडले की शिवीही स्पष्ट येते! मुलांना वाटतं मुद्दाम करतात. मधेच कारण नसताना रडतात पण.

मुद्दाम नाही करत. शब्द शोधून वाक्य जुळवायचं काम बहुतेकांच्या डाव्या मेंदूत होतं, पाठ झालेलं गाणं, आकडे, शिव्या हे वेगळ्या वाटेने बाहेर येतं. बऱ्याच जणांना समोरचं बोलणं आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त समजतं, म्हणून त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी ते नसल्यासारखं बोलू नका, आणि ओरडून तर अजिबात नको, कान ठीक आहेत. टीव्ही बंद करा, एका वेळी एकच गोष्ट विचारा, पाणी हवंय का पडायचंय असं विचारून दोन्हीकडे बोट दाखवा, आणि मग गप्प बसून वाट बघा. ही वाट बघणंच घरच्यांना जमत नाही, दोन सेकंदात वाक्य आपणच पूर्ण करतो. स्पीच थेरपी लावा, त्याच गाण्याचा वापर करून बोलणं आणायचे प्रकारही त्यात असतात.

रडण्याचं म्हणाल तर दोन शक्यता आहेत. मेंदूचा भावनांवरचा ब्रेक सैल झाल्यामुळे रडू किंवा हसू एकदम फुटतं आणि मिनिटभरात थांबतं, आत तेवढं दुःख नसतंही, तेव्हा समजूत काढत न बसता विषय बदलला की थांबतं. पण झोप गेली असेल, जेवण सुटलं असेल, व्यायामाला नको म्हणत असतील तर ते डिप्रेशन आहे, स्ट्रोकनंतर साधारण तिघांपैकी एकाला होतं. दोन्हींवर गोळ्या आहेत, पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना हे आपणहून सांगा, कारण बीपी शुगरच्या गडबडीत ते विचारायचं राहून जातं.