वाचकांचे प्रश्न : म्यूटंट कोणाला म्हणायचे?

प्रश्न : किरणोत्सारी कोळी चावल्यामुळे पीटर पार्करच्या शरीरात जनुकीय बदल झाले, असे स्पायडर-मॅनच्या कथांमध्येच सांगितलेले असते. मग एक्स-मेनमधील पात्रांना म्यूटंट म्हणायचे आणि स्पायडर-मॅनला म्हणायचे नाही, हे कशाच्या आधारावर?
– एक वाचक, सांगली

उत्तर : स्पायडर-मॅन आणि एक्स-मेन ही पात्रे प्रसिद्ध करणाऱ्या ‘मार्व्हल’ या अमेरिकी कॉमिक्स कंपनीच्या कथाविश्वात ही वर्गवारी शक्ती कोणती आहे यावरून होत नाही, तर ती कोठून आणि केव्हा आली यावरून होते. ज्याच्या शरीरात ‘एक्स-जनुक’ जन्मतःच असते आणि ज्याची शक्ती बहुधा वयात येताना आपोआप प्रकट होते, तो म्यूटंट. जन्मानंतर किरणोत्सर्ग, रसायन किंवा प्रयोग अशा बाह्य कारणाने ज्याचे शरीर बदलले, तो ‘म्यूटेट’. जीवशास्त्राच्या दृष्टीने दोघांच्याही जनुकांत उत्परिवर्तनच (म्यूटेशन) झालेले आहे, त्यामुळे आपला आक्षेप रास्त आहे. मात्र कॉमिक्सने हा शब्द जन्मजात बदलापुरताच राखून ठेवला.

यामागचे कारण शास्त्रीय नसून लेखकाच्या सोयीचे आहे. १९६१मध्ये आलेल्या ‘फँटास्टिक फोर’ या चौकडीला वैश्विक किरणांनी शक्ती दिली, १९६२मध्ये हल्कला गॅमा किरणांनी आणि त्याच वर्षी स्पायडर-मॅनला कोळ्याने. दर वेळी नवा अपघात कोठून आणायचा, या विवंचनेतून ‘ही मुले जन्मतःच अशी आहेत’ असे सांगून टाकण्याची युक्ती आपल्याला सुचली, असे मार्व्हलचे लेखक-संपादक स्टॅन ली यांनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितले. ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांचा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक सप्टेंबर १९६३च्या तारखेने निघाला. ली यांना मासिकाचे नाव ‘द म्यूटंट्स’ असे ठेवायचे होते, पण हा शब्द वाचकांना कळणार नाही म्हणून प्रकाशक मार्टिन गुडमन यांनी ते नाकारले.

तरीही किरणोत्सर्गाने या मुलांचा पिच्छा पूर्णपणे सोडला नाही. पहिल्याच अंकात एक्स-मेनचे गुरू प्राध्यापक झेवियर आपले आईवडील पहिल्या अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम करत होते असे सांगतात, आणि बीस्ट या पात्राच्या वडिलांनाही त्याच्या जन्मापूर्वी अणुऊर्जा केंद्रात किरणोत्सर्गाची बाधा झालेली दाखवली आहे. म्हणजे किरण स्वतःच्या अंगावर पडले तर माणूस म्यूटेट होतो आणि आईबापांच्या अंगावर पडले तर मूल म्यूटंट होते! वरवर विनोदी वाटणाऱ्या या भेदाला विज्ञानाचा थोडा आधार आहे, कारण शरीरातील इतर पेशींत झालेला बदल त्या व्यक्तीबरोबरच संपतो आणि केवळ प्रजननपेशींतील बदलच पुढच्या पिढीत उतरू शकतो. क्ष-किरणांमुळे फळमाशीत वंशपरंपरेने उतरणारी उत्परिवर्तने होतात, हे हर्मन मुलर यांनी १९२७मध्ये दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना १९४६चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसांच्या बाबतीत मात्र हिरोशिमा आणि नागासाकी येथील बाधितांना नंतर झालेल्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास होऊनही आनुवंशिक दोषांत ठळक वाढ आढळली नाही.

प्रश्न : आईवडिलांची शक्ती मुलांमध्ये जशीच्या तशी उतरते का? आणि म्यूटेट आईवडिलांचे मूल कोणत्या वर्गात धरायचे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मार्व्हलच्या कथांतून जो नियम ढोबळमानाने निघतो तो असा, की वारशाने जनुक मिळते, पण त्या जनुकाचा आविष्कार कोणता होईल याची हमी मिळत नाही. बॅन्शीच्या किंकाळीची शक्ती त्याची मुलगी सायरिन हिच्यात जवळपास तशीच येते. याउलट मिस्टिक आणि सेबरटूथ हे दोघेही म्यूटंट असताना त्यांचा मुलगा ग्रेडन क्रीड सर्वसाधारण माणूस म्हणून जन्मतो आणि पुढे म्यूटंटविरोधी राजकारणाचा म्होरक्या होतो.

सर्वांत बोलके उदाहरण एक्स-मेनमधील वुल्व्हरिनचे. त्याची नखे धातूची आहेत अशी वाचकांची वर्षानुवर्षे समजूत होती. १९९३च्या कथेत एक्स-मेनचा शत्रू मॅग्नेटो याने त्याच्या सांगाड्यावरचे धातूचे आवरण, म्हणजे अ‍ॅडमँटियम ओढून काढले, तेव्हा खाली हाडांचीच नखे असल्याचे उघड झाले. धातूचा मुलामा प्रयोगशाळेने चढवलेला होता, तर नखे आणि जखमा झपाट्याने भरून येण्याची शक्ती उपजत होती. त्यामुळे त्याचा मुलगा डाकेन याला जन्मजात नखे मिळाली ती हाडांची, धातूची नव्हेत. त्यांची ठेवणही निराळी आहे : वडिलांची तिन्ही नखे मुठीच्या पुढून निघतात, तर मुलाची दोन तशी निघतात आणि तिसरे मनगटाच्या खालच्या बाजूने. जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिढ्यान्‌पिढ्या उंदरांच्या शेपट्या छाटूनही बिनशेपटीचा उंदीर जन्माला आला नाही, जन्मानंतर शरीरात झालेला बदल वारशाने उतरत नाही या त्याच तत्त्वाचे हे कॉमिक्समधील पालन आहे, मग ते लेखकांनी जाणूनबुजून केलेले असो वा नसो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फ्रँकलिन रिचर्ड्स या मुलाभोवती फिरते. ‘फँटास्टिक फोर’मधील रीड आणि स्यू या म्यूटेट दांपत्याचा हा मुलगा १९६८मध्ये कथेत जन्मला. वैश्विक किरणांनी आईवडिलांच्या जनुकांत झालेला बदल त्याला जन्मतःच मिळाल्यामुळे त्याची गणना म्यूटंटमध्ये होत असे, आणि व्याख्येनुसार ती बरोबरच होती. २०२०मध्ये मात्र झेवियर यांच्या तोंडून तो मुळात म्यूटंट कधीच नव्हता, त्याने आपल्या वास्तव बदलण्याच्या शक्तीनेच स्वतःमध्ये तसा बदल घडवला होता, असे वदवण्यात आले. अर्ध्या शतकाची स्वच्छ मांडणी अशा रीतीने मोडणे मला तरी पटलेले नाही. क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच या जुळ्या भावंडांच्या बाबतीतही हेच झाले. १९६४मध्ये म्यूटंट म्हणून आलेली आणि १९८२पासून मॅग्नेटोची मुले मानली गेलेली ही पात्रे २०१४-१५च्या कथांनंतर ना त्याची मुले राहिली, ना म्यूटंट.

प्रश्न : सुपरमॅनलाही शक्ती जन्मतः मिळालेली आहे. तो म्यूटंट ठरतो का? आणि म्यूटंट ही माणसाहून वेगळी प्रजाती मानायची का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सुपरमॅन म्यूटंट ठरत नाही. तो क्रिप्टॉन या काल्पनिक ग्रहावरचा, आणि पिवळ्या सूर्याच्या प्रकाशात कोणत्याही क्रिप्टॉनवासीयाला तशाच शक्ती मिळतात. तो त्या जातीचा सर्वसाधारण गुण आहे, आणि अपवाद असल्याशिवाय उत्परिवर्तनाला अर्थ नाही. सुपरमॅनची प्रकाशक आणि मार्व्हलची प्रतिस्पर्धी कंपनी डीसी हिने पृथ्वीवरील माणसांसाठी १९८८च्या सुमारास ‘मेटाजीन’ची कल्पना आणली. हे जनुक जन्मतः सुप्त असते आणि प्राणावर बेतणाऱ्या प्रसंगी जागे होते, त्यामुळे जन्मजात आणि अपघाती ही मार्व्हलची विभागणी तेथे जवळजवळ निकालातच निघते.

प्रजातीबद्दल म्हणाल, तर कॉमिक्स म्यूटंटना ‘होमो सुपिरिअर’ (श्रेष्ठ मानव) म्हणते, पण म्यूटंट आणि माणसे यांना संतती होते आणि त्या संततीलाही संतती होते, त्यामुळे जीवशास्त्राच्या प्रचलित कसोटीवर ती एकच प्रजाती होय. अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयासमोर मात्र हा मुद्दा वेगळ्याच कारणाने आला. मानवाकृती बाहुल्यांवर १२ टक्के आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के आयात शुल्क असल्यामुळे, एक्स-मेन हे मानव नाहीत असा युक्तिवाद मार्व्हलच्याच ‘टॉय बिझ’ या कंपनीने केला. म्यूटंट हीदेखील माणसेच आहेत असे चाळीस वर्षे सांगणाऱ्या घरातूनच हा दावा आला होता, आणि २००३मध्ये न्यायालयाने तो मान्य केला.