सशाच्या कानावर क्रमांक गोंदवणे क्रूरपणाचे आहे का?

आपण पंधरा-वीस ससे पाळायला घेतले आहेत आणि विचारले आहे की त्यांच्या कानावर क्रमांक गोंदवणे क्रूरपणाचे ठरेल का, पिंजऱ्याला पाटी लावून भागणार नाही का, आणि गोंदवायचेच असेल तर कोणत्या वयात. पाटीवर भागत नाही, हे मी आमच्या घरच्या नुकसानीवरून सांगतो.

पुण्याजवळ वडकीला, दिवे घाटाच्या पायथ्याशी, माझे थोरले चुलते अप्पा आणि मी यांच्या भागीदारीत न्यूझीलंड व्हाइट जातीच्या ३२ माद्या आणि ६ नर होते. या जातीचे सगळेच ससे पांढरेशुभ्र आणि लाल डोळ्यांचे. कानात काहीतरी खूण असावी असे मी पहिल्यापासून म्हणत होतो. मुक्या जीवाला कशाला टोचायचे, मी प्रत्येकाला तोंडावरून ओळखतो, असे अप्पांचे म्हणणे होते. वडीलधाऱ्या माणसापुढे मी गप्प बसलो, ही माझी चूक.

मे महिन्यात एका रात्री वळवाच्या पावसात शेडचे पत्रे उडाले. अंधारात जो ससा हाताला लागेल तो क्रेटमध्ये घालून आम्ही सगळे पडवीत आणले. सकाळी पाहिले तर पाट्यांवरची अक्षरे धुऊन गेली होती. वही कोरडी होती, पण तिचा काही उपयोग नव्हता, कारण तिच्यातली प्रत्येक नोंद पिंजऱ्याच्या क्रमांकाची होती, सशाची नव्हती. अप्पांनी एकेक ससा उचलून, चेहरा पाहून, ज्याच्या त्याच्या पिंजऱ्यात ठेवला आणि आम्ही नव्या पाट्या लिहिल्या.

सशाच्या मादीचे बीज संयोगानंतर सुटते, गाई-म्हशींसारखी माजाची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे नराबरोबर क्रेटमध्ये गेलेली ती एक रात्र पुरेशी होती. साधारण ३१ दिवसांनी, आमच्या हिशेबात गाभण नसलेल्या पाच माद्या व्यायल्या. पिल्लांसाठी पेटी ठेवलेली नव्हती आणि जाळीवर पडलेली उघडी पिल्ले सकाळपर्यंत गार झाली होती. त्यानंतरच्या वर्षभरात वरचे आणि खालचे दात एकमेकांवर न बसणारी पिल्ले निघू लागली. सशाचे दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे अशा पिल्लाला शेवटी चारा तोडता येत नाही. हा दोष बहुतेक वेळा आनुवंशिक असतो. अप्पांनी खाद्याला दोष दिला. मला खात्री आहे की त्या सकाळी पिंजरे चुकले आणि आम्ही बापाकडे लेक किंवा भावाकडे बहीण सोडत राहिलो, पण ते सिद्ध करायला आमच्याकडे काहीच नव्हते.

म्हणून उरलेले सगळे ससे मी गोंदवून घेतले. पिल्लू आठ-दहा आठवड्यांचे झाले, आईपासून तोडले, की नव्या पिंजऱ्यात जाण्याआधी हे काम करावे. एकाने पिल्लू टॉवेलमध्ये गुंडाळून घट्ट धरावे. कानाची आतली बाजू स्पिरिटने पुसून कोरडी करावी, कान उजेडासमोर धरून मोठ्या शिरा पाहाव्यात आणि त्यांच्या मधल्या जागेत सुयांचा चिमटा एकदाच, पूर्ण जोराने दाबावा. घाबरत अर्धवट दाबले तर अंक पुसट उमटतो आणि दुसऱ्यांदा टोचावे लागते. मग शाई मऊ ब्रशने छिद्रांत चोळावी. चिमट्यातले अंक आधी पुठ्ठ्यावर दाबून पाहावेत, कारण ते उलटे बसवलेले असतात आणि कानावर उमटलेली चूक खोडता येत नाही. पांढऱ्या सशाच्या गुलाबी कानात काळी शाई स्पष्ट दिसते. गडद कानासाठी हिरवी घ्यावी.

दुखते का? दुखते. पिल्लू अंग आखडते, एखादे ओरडतेही, पण आमच्याकडची पिल्ले थोड्याच वेळात लसूणघास खायला लागत. बधिर करणारे मलम पशुवैद्यकांना विचारून आधी लावता येते आणि ते लावावेच. प्लॅस्टिकचा बिल्ला मात्र सशाला लावू नये. तो जाळीत अडकतो आणि पातळ कान फाटतो, ते दुखणे जास्त दिवस राहते. अमेरिकेतल्या ससेपालकांच्या प्रदर्शनांत डाव्या कानातला गोंदलेला क्रमांक सक्तीचा असतो आणि उजवा कान संघटनेच्या नोंदणीसाठी राखलेला असतो. ब्रिटनमध्ये कानाऐवजी मागच्या पायात कडी घालतात.

कानात खरजेची खपली असेल तर ती बरी होईपर्यंत गोंदवू नये, आणि दोन सशांच्या मध्ये सुया निर्जंतुक कराव्यात, हे आधीच सांगायला हवे होते. तुमचे ससे विणीसाठी नसून घरात हौसेने ठेवलेले असतील, तर गोंदवण्याऐवजी पशुवैद्यकांकडून कातडीखाली मायक्रोचिप बसवून घेणे बरे.

अप्पा अजूनही म्हणतात की ओळखायला डोळे पुरतात. मागच्या दिवाळीत मी पाच माद्यांचे कान हाताने झाकून त्यांना क्रमांक विचारले. तीन बरोबर आले. ज्या दोन चुकल्या त्या सख्ख्या बहिणी होत्या, आणि त्यांतली एक त्याच आठवड्यात तिच्या बापाच्या शेजारच्या पिंजऱ्यात होती.