‘किताब’ कुठला आणि तो राखता येतो का?

वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी त्यांच्या आठवणींची पुस्तिका करतोय, असं तुम्ही परळहून कळवलंय. त्यात त्यांचं एक वाक्य आहे : ‘दारासिंगने मुंबईत लू थेझला पाडून जागतिक किताब घेतला आणि पुढे तो राखला.’ (लू थेझ म्हणजे तेव्हाचा नामवंत अमेरिकी कुस्तीगीर.) तुमच्या मुलीने ‘किताब म्हणजे तर पुस्तक’ म्हणून तिथे ‘खिताब’ केलं. तुम्हाला स्वतःला ‘किताब राखला’ हे खटकतंय, पण का ते सांगता येत नाही. मला दोन्ही शंका रास्त वाटतात. दुसरीत तर तुमच्या कानाने फार नेमकं काहीतरी टिपलंय.

आधी मुलीची शंका. ती अर्धी बरोबर आहे. अरबीत हे दोन वेगळे शब्द आहेत. एकाचं मूळ लिहिण्याशी जोडलेलं आहे. त्यातून पुस्तक या अर्थाचा ‘किताब’ आला, शाळा या अर्थाचा ‘मकतब’ आला, नकलनवीस या अर्थाचा ‘कातिब’ आला. दुसऱ्याचं मूळ बोलण्याशी, कुणाला उद्देशून बोलण्याशी जोडलेलं आहे. शुक्रवारच्या नमाजाआधीचा ‘खुतबा’ त्यातलाच, तो देणारा ‘खतीब’ही त्यातलाच, आणि कोकणी मुसलमानांतलं खतीब हे आडनावही तिथलंच. ‘खिताब’ याच घरचा. म्हणजे ज्या नावाने एखाद्याला संबोधायचं ते नाव.

मराठीत येताना या खिताबाचा ‘ख’ गेला आणि ‘किताब’ उरला. माझं मत असं की कानाला आधीच ओळखीच्या असलेल्या दुसऱ्या किताबाने त्याला आपल्याकडे ओढून घेतलं. हिंदीत मात्र ‘ख’ टिकला. म्हणूनच एकाच सामन्याची बातमी हिंदी पेपरात ‘खिताब जीता’ होते आणि मराठी पेपरात ‘किताब पटकावला’ होते. पण आवाज एक झाले तरी लिंग एक झालं नाही. पुस्तकाची ‘ती किताब’, मानाचा ‘तो किताब’. ‘किताब मिळवला’ म्हणणारा मराठी माणूस ‘किताब मिळवली’ कधी म्हणत नाही. इतकी वर्षं हा भेद बोलण्यात जपला गेलाय, तोही कुणी न शिकवता. तेव्हा मुलीला सांगा, मराठीत ‘किताब’ हेच रूढ आणि शुद्ध आहे, तिथे दुरुस्ती नको.

आता राखण्याचं. इथे जरा थांबायला हवं, कारण ‘संबोधायचं नाव’ हा मूळ अर्थ मराठीने नुसता शब्दकोशात ठेवला नाही, तो रोजच्या वापरात ठेवला. कुडतोजी गुजरांना शिवाजी महाराजांनी ‘प्रतापराव’ हा किताब दिला, हंसाजी मोहित्यांना ‘हंबीरराव’. आज कुडतोजी हे नाव किती जणांना आठवतं? किताबाने मूळ नाव झाकूनच टाकलं. आपल्या मुंबईतलं उदाहरण घ्या. जमशेटजी जीजीभॉय यांना १८४२ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. पावणेदोनशे वर्षं उलटून गेली तरी भायखळ्याचं रुग्णालय आणि फोर्टातली कला शाळा दोन्ही कागदोपत्री ‘सर ज. जी.’च आहेत. किताब माणसाच्या नावाआधी बसतो आणि मग तिथून उठत नाही.

लाल मातीने हीच रीत उचलली. ‘रुस्तम-ए-हिंद’ हा किताब फारसी घडणीचा. रुस्तम हा ‘शाहनामा’तला महावीर. मुंबईला हे नाव परकं नाही, पारशी शेजाऱ्यांमुळे ते इथे घरोघरचं आहे. गामा पैलवान याच किताबाने ओळखला गेला. पुढे १९५४ मध्ये दारासिंग रुस्तम-ए-हिंद झाले. स्वातंत्र्यानंतर मात्र नवे किताब संस्कृताकडे वळले. ‘हिंदकेसरी’ १९५८ पासूनचा, आणि १९५९ मध्ये कोल्हापूरचे श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि लगेच १९६१ मध्ये दिनकर दह्यारी पहिले ‘महाराष्ट्र केसरी’ ठरले. राज्याचं नाव इतक्या ताजेपणी मल्लाच्या नावाआधी लागलं, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

यातला केसरी म्हणजे सिंह, रंग नव्हे. केसर म्हणजे आयाळ आणि आयाळ असलेला तो केसरी. फुलातल्या केसासारख्या बारीक तंतूंनाही केसरच म्हणतात, त्यातून आपलं केशर आणि केशरी रंग. एकाच शब्दाच्या या दोन फांद्या आहेत. म्हणून ‘महाराष्ट्र केशरी’ असं लिहिलेला फलक दिसला की तो चूकच समजावा. शिवाय मारुतीच्या पित्याचं नाव केसरी. प्रत्येक तालमीत मारुती असतोच, त्यामुळे हा शब्द तिथे परका वाटायचं कारणच नव्हतं. आणखी एक : समासाच्या नियमाने ‘हिंदकेसरी’सारखंच ‘महाराष्ट्रकेसरी’ जोडून लिहायला हवं. पण सगळीकडे ते तोडूनच लिहिलं जातं, आणि तुम्हीही तसंच लिहा. अंतिम कुस्ती हरणाऱ्याला ‘उपमहाराष्ट्र केसरी’ म्हणतात. इथे ‘उप’ लागायला हवा केसरीला, लागलाय महाराष्ट्राला. तरी ऐकणाऱ्याला अर्थ क्षणात कळतो, कारण बोलणाऱ्यांच्या लेखी ‘महाराष्ट्र केसरी’ हा दोन शब्दांचा मिळून एकच दगड आहे.

आता वाक्यं ऐका : ‘हिंदकेसरी गणपतराव आंदळकर’, ‘हिंदकेसरी मारुती माने’. आंदळकरांनी किताब मिळवला १९६०ला, पण त्यांना अखेरपर्यंत सगळे हिंदकेसरीच म्हणत. दर वर्षी नवा महाराष्ट्र केसरी होतो, तरी आधीच्याचं केसरीपण जात नाही. ‘माजी महाराष्ट्र केसरी’ असं कुणी लिहिलंच तर ते वाचताना अडखळायला होतं. पुन्हा जिंकला तर तो ‘डबल महाराष्ट्र केसरी’ होतो. मुंबईत घडलेल्या नरसिंग यादवने २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा उचलली. ‘किताब दोनदा राखला’ असं त्याच्याबद्दल कुणी म्हणालं नाही, तो ‘ट्रिपल महाराष्ट्र केसरी’ झाला. किताब राखावा लागत नाही, त्यात भर पडते.

माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. तळमजल्यावर गिरणीत साचे चालवणारे एक काका राहत. ते साताऱ्याकडचे. तरुणपणी गावच्या जत्रेत कुस्त्या केलेल्या, मोठा किताब कुठलाच नव्हता. पण चाळ त्यांना ‘पैलवान’ म्हणायची. त्यांच्या पत्नीही ‘आमचे पैलवान’ म्हणायच्या. पोट सुटलं, गुडघे गेले, गिरणी बंद पडली, तरी हाक तीच होती. सहा महिने खेळला नाहीस तर पैलवान म्हणणार नाही, असं काही नसतं. तालमीतल्या ‘वस्ताद’चंही तेच. खिताबाचा मूळ अर्थ मला कोशात सापडायच्या आधी त्या हाकेत सापडला होता.

व्यावसायिक कुस्तीची रीत याहून निराळी आहे. १९१० मध्ये लंडनला गामाला मिळाला तो ‘जॉन बुल’ पट्टा. पुढे पाश्चात्त्य रिंगणात पट्ट्याचीच पद्धत रुजली : पट्टा एक, तो आज एकाच्या कमरेला, उद्या दुसऱ्याच्या. ज्याच्याकडे आहे त्याने तो आव्हानवीरांपासून वाचवायचा. म्हणजे ते पद आहे, आणि खुर्चीसारखं ते एका वेळी एकालाच मिळतं. आपल्या गदेचं तसं नाही. मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ दिली जाणारी गदा जिंकणाऱ्याच्या घरी जाते, दुसऱ्या वर्षी नवी घडवली जाते. पट्टा हातोहात फिरतो आणि गदा मुक्कामाला राहते. तुमच्या कानाला खटकलं ते हे. किताब हा शब्द गदेच्या बाजूचा आहे आणि ‘राखणं’ पट्ट्याच्या बाजूचं.

दारासिंग या दोन्ही रीतींत वावरले, म्हणून घोळ तिथेच होतो. ‘रुस्तम-ए-हिंद’ हा त्यांचा किताब, तो मरेपर्यंत त्यांचाच. २९ मे १९६८ ला मुंबईत लू थेझला हरवून मिळवलं ते जागतिक विजेतेपद. त्याला ‘अजिंक्यपद’ म्हणा, ‘जगज्जेतेपद’ म्हणा, पण शेवटी ‘पद’ असलेला शब्द घ्या. पद राखता येतं, गमावता येतं, सोडता येतं. ‘किताब राखला’ला मी व्याकरणाची चूक म्हणणार नाही. टेनिसच्या बातम्यांत तो प्रयोग सर्रास दिसतो आणि वाचक तो समजून घेतात. पण आपल्याकडे दोन अर्थांना दोन चांगले शब्द असताना ते एकमेकांत मिसळू देणं मला पटत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलीला सांगण्यासारखं आहे म्हणून लिहितो. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिल्यांदा महिलांची महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम लढतीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवलं. संस्कृताने ‘केसरिणी’ व्हायला हवं होतं, पण कुणी ते केलं नाही. ‘प्रतीक्षा महाराष्ट्र केसरी झाली’ असंच सगळे म्हणाले. क्रियापद बाईचं झालं, किताब होता तसाच राहिला. मला हे फार आवडलं.

आता तुमचं वाक्य. वडिलांच्या तोंडचा पहिला भाग, ‘किताब घेतला’, जसाच्या तसा ठेवा. ‘घेतला’ हेही बदलू नका. गर्दीत उभं राहून कुस्ती पाहिलेला माणूस तसंच बोलतो. पुढचं ‘तो राखला’ मात्र त्यांनीच म्हटलंय का, की लिहून घेताना तुम्ही जोडलंय, ते त्यांना एकदा विचारा. त्यांचंच असेल तर राहू द्या, पुस्तिका त्यांची आहे. तुमचं असेल तर ‘आणि पुढे हे विजेतेपद राखलं’ असं करा.