वाचकांचे प्रश्न : पिकअप गॅरेजमध्ये मावेल का?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही अमेरिकेत डॅलसजवळ प्लेनोमध्ये राहतो, घर जुनं आहे, गॅरेज आतून भिंतीपासून बंद दारापर्यंत बरोबर २० फूट आणि रुंदीला पण २० फूट, दोन वेगवेगळी ८ फुटी दारं आहेत. मिस्टरांनी कॅम्पर (गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर) ओढायला फोर्ड एफ-१५० पिकअप घ्यायचं ठरवलंय, चार दारांची, आणि त्यांना मागे सामानाचा साडेसहा फुटी हौदाच हवा आहे. मागच्या एप्रिलमध्ये गारांनी आमच्या आधीच्या गाडीचं छत पार चेचून काढलं, त्यामुळे नवीन गाडी बाहेर ठेवायची नाही हे नक्की. शेजारी माझी होंडा सीआर-व्ही असते. समोरच्या भिंतीला गॅसचा वॉटर हीटर आहे, घरात जायची पायरी आहे, शिवाय मंडळाच्या गणपतीचं मखर आमच्याकडेच असतं त्याचे बॉक्स. मिस्टर म्हणतात थोडी तिरकी लावू, बसेल. बाबा साताऱ्याहून आलेत ते म्हणतात आपल्याकडची हायलक्स एवढी मोठी दिसते तीच साडेसतरा फूट असते, ही कशी बसेल. गाडी अजून बुक केलेली नाही. काय करू?

उत्तर : ताई, बुक केलेली नाही हे फार बरं झालं, कारण मला येणारी बहुतेक पत्रं गाडी दारात आल्यानंतरची असतात आणि तेव्हा सांगण्यासारखं फारसं उरत नाही. बाबांना टेप घेऊन गॅरेजमध्ये न्या, त्यांची शंका योग्य आहे.

आधी हौद्याचं बघू. चार दारांची केबिन आणि साडेपाच फुटी हौदा असलेली एफ-१५० साधारण २३२ इंच, म्हणजे १९ फूट ४ इंच लांब असते. साडेसहा फुटी हौदा घेतला की आणखी एक फूट वाढतो, २० फूट ४ इंच. तुमचं गॅरेज २० फूट आहे, म्हणजे ती गाडी बसणार नाही, विषय संपला. मिस्टरांना मोठाच हौदा हवा असेल तर मागची केबिन लहान असलेलं मॉडेल साडेसहा फुटी हौद्यासकट १९ फूट ४ इंचातच येतं, पण मुलं मोठी असतील तर मागे त्यांचे गुडघे अडकतात.

आता तिरकी लावण्याबद्दल. हे जवळजवळ सगळेच म्हणतात आणि ऐकायला पटतंही, पण गाडी काही काठी नाहीये ना, तिला रुंदी आहे, सुमारे ६ फूट ८ इंच. तिरकी केली की लांबी जेवढी कमी होते त्यापेक्षा जास्त जागा तिचे कोपरे खातात. नुसती १० अंश वळवली तर १९ फूट ४ इंचाच्या गाडीला भिंतीपासून दारापर्यंत २० फूट २ इंच जागा लागते, २० अंश वळवली तर साडेवीस फुटांच्या जवळ. कोपरे गोलाकार असतात म्हणून थोडा फरक पडेल, पण फायदा व्हायला गाडी जवळजवळ ४० अंश वळवावी लागते आणि मग सीआर-व्ही बाहेर गारांत. सरळच लावा.

सरळ लावली की हातात उरतात ८ इंच, पुढे ४ आणि मागे ४, आणि तेही समोर काही नसेल तरच. म्हणून २० फूट हा आकडा विसरा. दार बंद करा, दाराच्या आतल्या बाजूच्या आडव्या पट्ट्या असतात तिथपासून मोजा, आणि तीन उंचीवर मोजा : जमिनीलगत, बंपरच्या उंचीला दोनेक फुटावर, आणि बोनेटच्या उंचीला. बोनेट चार फुटांच्या आसपास असतं त्यामुळे वर्कबेंचखाली नाक घुसवता येत नाही, पण बोनेटच्या वर भिंतीला मारलेले शेल्फ चालतात, मखराचे बॉक्स तिकडे किंवा छताला टांगलेल्या रॅकवर जाऊ द्या. पायरी आणि हीटर कुठल्या दारासमोर येतात ते बघा. ते ज्या बाजूला असतील तिथे सीआर-व्ही, पिकअप दुसरीकडे. दोन्ही बाजूंना काही ना काही असेल तर हीटर हलवावा लागेल, ते परवाना आणि प्लंबरचं काम आहे, आणि तो चौथऱ्यावर असेल तर खाली आणू नका, जमिनीलगत साचणारी पेट्रोलची वाफ पेटू नये म्हणून ज्योत १८ इंच वर ठेवलेली असते.

दाराच्या रुंदीचं सोपं आहे, आरसे उघडे असताना गाडी ८ फूट भरते आणि दार पण ८ फूट, त्यामुळे आरसे मिटूनच आत यायचं, मग ७ फूट. उंचीला ७ फुटी दारातून ती जाते.

यापुढचं मात्र मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवा. १९९३ पासून अमेरिकेतल्या घरगुती ओपनरना, म्हणजे दार बटणावर उघडणाऱ्या यंत्रांना, दाराच्या दोन्ही बाजूंना सेन्सर असतात, मध्ये काही आलं की दार उलटं फिरतं. पण तो किरण जमिनीपासून जास्तीत जास्त ६ इंचांवर असतो आणि पिकअपचा मागचा बंपर त्याच्या बराच वर, चाकंही बरीच आत. म्हणजे गाडी चार-पाच इंच बाहेर राहिली तरी सेन्सरला समोर मोकळंच दिसतं आणि दार सरळ हौद्याच्या मागच्या फाळक्यावर येतं. आपटल्यावर उलटं जातं खरं पण तोवर पोचा पडलेला असतो. म्हणून फोनवरून दार बंद करायची सवय असेल तर ती सोडा, दाराशी उभं राहून बघा आणि मगच बटण दाबा. कॅम्पर सोडून आल्यावर हिचचा, म्हणजे कॅम्पर जोडायचा मागचा बॉलवाला दांडा दरवेळी काढायचा, तुमचे राहिलेले सगळे इंच तोच खाऊन टाकतो.

कोणी भिंत फोडून दोन फूट पुढे वाढवा म्हणेल. तुमच्या भागातली जमीन आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या मातीसारखीच, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी, म्हणून तिकडच्या बऱ्याच घरांच्या पायाच्या काँक्रीट स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतात. इंजिनिअरने बघितल्याशिवाय तिथे कोणालाही कापाकापी करू देऊ नका, केबल तुटली तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

आणि एवढी घट्ट बसलेली गाडी थंडीत रिमोटने आतच सुरू करून ठेवू नका, दार उघडं असलं तरी धूर घरात शिरतो.

प्रश्न : गॅरेजमध्ये गाडी नेमकी कुठे थांबवायची ते कळायला छताला टेनिस बॉल टांगायचा का लेसर लावायचा? (ह्यूस्टन)

उत्तर : दोन्ही चालतं, मला बॉल आवडतो, त्याची बॅटरी संपत नाही. पण बॉल आधी टांगू नका. एकाने गाडीत बसायचं, दुसऱ्याने मागे दाराशी उभं राहायचं, गाडी बरोबर जागेवर आणून दार एकदा नीट बंद करून बघायचं, आणि मग बॉल काचेला जिथे टेकेल तिथे दोरी बांधायची. घरात दोन गाड्या असतील तर दोन बॉल.