आधी एक खूर पूर्ण उगवू द्या

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात तुमच्या मुलीचं स्वतःचं वाक्य मला एकच सापडलं: "मला अजून शिकायचंय." पुढच्याच ओळीत तुम्ही विचारता, "पण किती दिवस?" बाकीची पानं तुमच्या आराखड्याने भरली आहेत.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मुलीने 'नीट' ही प्रवेश परीक्षा दोनदा दिली, पण पशुवैद्यकीयला प्रवेश मिळेल इतके गुण पडले नाहीत. दरम्यान घोडेस्वारीच्या क्लबमधल्या एका प्रशिक्षकाकडे ती घोड्यांचे खूर तासायला शिकू लागली. नाल न ठोकता, खूर ठरावीक दिवसांनी तासून घोडा अनवाणी चालवायचा, अशी ही पद्धत. वडिलांनी आधी विरोध केला, मग व्हिडिओ पाहिले, आणि आता तेच तिच्या पुढे धावताहेत. सहा महिन्यांचा परदेशी ऑनलाइन कोर्स, हातात प्रमाणपत्र, लगेच वेबसाइट, गाडी, व्हिजिटिंग कार्डं, आणि वर्षाच्या आत व्यवसाय सुरू. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की कोणत्या देशाचं प्रमाणपत्र जास्त चालतं.

त्याचं उत्तर देणार आहे. पण मला काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची.

"तिची दोन वर्षं वाया गेली, तिसरं जाता कामा नये" हे तुम्ही पत्रात तीन ठिकाणी लिहिलंय. घरात ते किती वेळा बोललं जात असेल याचा अंदाज येतो. नीट मागे पडली, तिचं वेळापत्रक मात्र तुम्ही तसंच चालू ठेवलंय. क्लास, टेस्ट सिरीज आणि निकालाच्या तारखेच्या जागी आता कोर्स, प्रमाणपत्र आणि उद्घाटनाची तारीख आली. विषय मुलीच्या आवडीचा आहे, दडपण तेच आहे. विरोध करणाऱ्या वडिलांशी मुलगी भांडू तरी शकते. सगळं पुरवणाऱ्या वडिलांना "जरा थांबा" म्हणणं फार अवघड असतं, कारण तसं म्हटलं की आपण कृतघ्न ठरू अशी भीती वाटते. तुम्ही प्रेमाने करताय यात मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच स्पष्ट लिहिते आहे.

तिसऱ्या पानावर एक प्रसंग तुम्ही दोन ओळींत उरकलाय. प्रशिक्षक नसताना तिने एका घोडीचे खूर एकटीने तासले. घोडी चार-पाच दिवस पाय टेकताना चाचरत होती. नंतर मुलगी महिनाभर तबेल्यात गेलीच नाही. "असं होतच असतं, तिने उगाच मनाला लावून घेतलं," असं तुमचं म्हणणं. मला ते "उगाच" अजिबात मान्य नाही. काम किती सफाईदार झालं हे दाखवायला तुम्ही तेव्हाचा फोटो सोबत जोडलाय. त्यात खुराचा तळवा पांढराशुभ्र दिसतो. निदान करणं माझं काम नाही, ते पशुवैद्याचं. पण या कामातली जाणती माणसं नवशिक्याला सगळ्यात आधी हेच बजावतात की तळवा चकचकीत करायच्या मागे लागू नकोस. भुकटी होऊन आपणहून सुटणारा मेलेला थर काढायचा आणि हात आवरायचा. त्याखालचा जिवंत तळवा आतल्या हाडाचं रक्षण करतो, आणि तो साधारण १५ मिलिमीटर तरी जाड हवा असं मानतात. दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर तो किंचितही दबला, तर आधीच पातळ झालाय असं समजायचं. अशा पायाने खडीवरून चालताना घोड्याला पावलागणिक कळ येते.

आपल्या हातून जनावराला त्रास झाला हे जिला महिनाभर सलत राहिलं, ती मुलगी या कामासाठी योग्य आहे असं माझं मत आहे. तिच्या हाताला अजून वळण लागायचंय, तिचं मन तयार आहे. त्या महिन्यात घरात कोणी तिच्याशी त्या घोडीबद्दल बोललं का? नक्की काय चुकलं, हे विचारायला तिला प्रशिक्षकाकडे कोणी घेऊन गेलं का? पत्रात तसं काही दिसत नाही. त्याच महिन्यात तुम्ही कोर्सची माहितीपत्रकं मागवलीत, एवढंच दिसतं.

आता तुमच्या सहा महिन्यांबद्दल. खुराची भिंत, म्हणजे बाहेरून दिसणारं कडक कवच, महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढते. वर केसांच्या कडेशी आज तयार झालेला भाग खुराच्या पुढच्या टोकापर्यंत उतरायला नऊ महिने ते वर्षभर लागतं. पुढचा भाग लांब वाढलेला, टाच पुढे सरकून बसलेली, भिंत बाहेर फाकलेली, असा खूर हाती आला तर तो एका बैठकीत सरळ होत नाही. दर चार ते सहा आठवड्यांनी थोडं थोडं काढायचं आणि वरून येणारी नवी भिंत हाडाला घट्ट धरून उतरते आहे का, ते बघायचं. आज कानस जिथे लावली ती जागा बरोबर होती की चूक, याचा पुरता उलगडा व्हायला तो खूर वरपासून खालपर्यंत बदलावा लागतो. सहा महिन्यांत एकाच घोड्याचे पाय चार-सहा वेळा हातात येतील, तेही समोर घोडा असेल तर. म्हणजे तुमचं प्रमाणपत्र येईल तेव्हा तिने स्वतःच्या हातचा एकही खूर पूर्ण उगवलेला पाहिलेला नसेल. अशा मुलीला दुसऱ्यांच्या घोड्यांकडे पाठवणं तिच्यावर अन्याय आहे, आणि घोड्यांवर त्याहून मोठा.

तुमच्या पत्रात एक समजूत पक्की बसलेली दिसते. रानातल्या घोड्याला कुठे नाल असते, म्हणून नाल काढली की घोडा आपोआप सुधारतो; काम नैसर्गिक आहे, त्यामुळे त्यात जोखीम नाही. यातला खरा भाग आधी सांगते. निरोगी घोडा चालताना टाच आधी टेकवतो. तळाच्या मध्यावर असलेला रबरासारखा त्रिकोणी फ्रॉग आणि त्याच्या वरची गादी दाब झेलते, टाचेचा भाग किंचित फाकतो आणि पाय उचलला की पूर्ववत होतो. खिळ्यांनी बसवलेली नाल ही हालचाल कमी करते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्वीडनने अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या सांघिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा त्यांच्या संघातले ऑल इन आणि किंग एडवर्ड हे दोन घोडे अनवाणी होते. तेव्हा हे खूळ नव्हे. पण रानातला खूर म्हणजे आदर्श, हा दावा संशोधकांनी तपासून पाहिलाय. ऑस्ट्रेलियात ब्रायन हॅम्पसन आणि क्रिस पॉलिट यांनी १०० मोकाट घोड्यांच्या खुरांचा अभ्यास केला. त्यांत दोष अपेक्षेपेक्षा बरेच निघाले, जुनाट लॅमिनायटिससुद्धा, म्हणजे खुराची भिंत हाडाशी जोडणाऱ्या पापुद्र्यांचा आजार. शिवाय मोकाट घोडा चारापाण्यासाठी रोज कित्येक किलोमीटर चालतो. तबेल्यातला घोडा ओल्या लिदीवर तासन्‌तास उभा असतो आणि त्याच्यापुढे चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, असते. साखर आणि पिष्ट जास्त पोटात गेलं की काही घोड्यांच्या रक्तातलं इन्सुलिन चढतं आणि भिंतीला हाडाशी जोडणारे नाजूक पापुद्रे सुटू लागतात. तिथे आधी पशुवैद्य, मग खाण्यातला बदल, मग कानस. आणि कडक रस्त्यावर रोज राबणाऱ्या काही घोड्यांचा खूर वाढतो त्याहून वेगाने झिजतो. त्यांना खुराचे बूट नाहीतर नाल द्यावीच लागते. जो शिक्षक हे कबूल करत नाही, त्याच्याकडे मुलीला पाठवू नका.

आणखी एका वाक्याने मला राग आला, तो लपवत नाही. "नालबंदाच्या हाताखाली बसवणं आमच्या घराला शोभणार नाही, ती शास्त्रशुद्ध शिकेल." अहो, ही पद्धत ज्यांनी जगभर पोचवली त्यांतले जेमी जॅक्सन स्वतः नालबंद होते. १९८२ ते १९८६ या काळात अमेरिकेतल्या ग्रेट बेसिनमधले मोकाट घोडे न्याहाळून त्यांनी आपली मांडणी केली. पीट रेमी हेही आधी नाल ठोकण्याचंच काम करत. नालबंदाला काय येतं ते एकदा जवळ उभं राहून पाहा. अनोळखी घोड्याचा पाय मागताना तो आधी खांद्यावर हात ठेवतो, मग तो हात न उचलता खाली आणतो. घोडा अंगावर भार टाकू लागला की कुठे सरकायचं, लाथ येण्याआधी मांडी कशी ताठ होते, खुरावरून कानस किती दाबाने आणि कोणत्या कोनात फिरवायची, हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. पडद्यावर बघून ते येत नाही. ज्या घरात नालबंदाशेजारी बसणं कमीपणाचं, त्या घरात उद्या तेच काम करणाऱ्या मुलीला मान मिळेल का, हा प्रश्न स्वतःला विचारा. कार्डावर नाव काहीही छापा, काम तेच आहे. घोड्याच्या पोटाशी वाकून, त्याचा पाय दोन्ही गुडघ्यांत धरून, घाम आणि लिदीच्या वासात ते करावं लागतं.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर लहान आहे. ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्यानुसार घोड्याला नाल ठोकायची तर नोंदणीकृत नालबंद असावं लागतं आणि त्यासाठी काही वर्षं उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. नाल न ठोकता नुसता खूर तासणाऱ्यावर तिथेही तशी अट नाही. त्यामुळे या क्षेत्रातलं प्रमाणपत्र परवान्यासारखं वापरता येत नाही. ते देणाऱ्याने किती घोड्यांचे पाय हातात दिले आणि किती महिने पाठपुरावा केला, एवढ्यावरच त्याची किंमत ठरते.

व्यवसायाचा हिशेबही कागदावर मांडा. दिवसाला पाच घोडे, आठवड्याला पाच दिवस आणि दर घोड्याला सहा आठवड्यांनी फेरी, असं धरलं तर पूर्णवेळ कामासाठी १५० घोडे लागतात. दिवसभराच्या प्रवासाच्या टप्प्यात तेवढे घोडे आहेत का, आणि त्यांतले किती मालक अनवाणी पद्धतीला तयार होतील? नसतील, तर फक्त या एका कौशल्यावर घर चालणार नाही. नाल ठोकणं, काढणं, खुराचे बूट बसवणं हे सगळं येणाऱ्या माणसाला काम मिळतं, कारण तो समोरच्या घोड्याची गरज बघतो.

आता उरलेलं पत्र तुमच्या मुलीसाठी आहे. तिला वाचायला द्या आणि वाचताना शेजारी बसू नका.

तू "मला अजून शिकायचंय" म्हणालीस, ते पुरेसं उत्तर होतं. पुढचं एक वर्ष कोणत्याही नावाची पाटी न लावता काढ. तबेल्यात परत जा. त्या घोडीच्या मालकाला भेट, काय झालं ते प्रशिक्षकासमोर नीट समजून घे, आणि परवानगी मिळाली तर दर फेरीला फक्त तिच्या खुरांची नोंद ठेव. समोरून, बाजूने, मागून टाचेचा आणि खालून तळव्याचा, असे चार फोटो दर वेळी त्याच उंचीवरून घे. कडक जमिनीवर तिला चालवून पाहा. टाच आधी टेकते की पुढचं टोक? सतत टोक आधी टेकत असेल तर टाचेत काहीतरी दुखतंय असं धरून चाल आणि पशुवैद्याला सांग. फ्रॉगच्या खाचेतून काळा, घाण वासाचा स्राव येतो का, ते रोज मोतद्दाराबरोबर बघायची सवय लाव. मेलेल्या घोड्याचा खूर चिरून आतली रचना बघायची संधी पशुवैद्यकीय महाविद्यालयात मिळाली तर सोडू नकोस. आत हाड नेमकं कुठे बसतं हे डोळ्यांनी पाहिलं की बाहेरून कानस चालवणारा हात बदलतो.

चांगला नालबंद शोध आणि त्याच्याकडे पाय धरायला, हत्यारं द्यायला उभी राहा. नाल कशी काढायची ते पहिल्यांदा त्याच्याकडूनच शीक, कारण तुझ्याकडे येणारे बरेच घोडे नाल ठोकलेले असतील. सोबत एखादी पदवी चालू ठेव, प्राणीशास्त्र असेल तर बरंच. तिसऱ्यांदा नीट द्यायची ती तुला जनावरांवर उपचार करायचेत म्हणून दे, खुरांच्या कामाला मान मिळावा म्हणून देऊ नकोस. आणि वर्षाअखेरीस कंबर काय म्हणते तेही ऐक. हे काम पाठीवर येतं, आणि विशीत सुरू केलेल्यांनाही ते सांभाळूनच करावं लागतं.

परत तुमच्याकडे वळते, कारण पैसे तुम्ही बाजूला काढले आहेत. ते वेबसाइटवर घालू नका. दोन चांगल्या कानशी घ्या, एक बोथट होते तेव्हा दुसरी लागते. खूर कापायची पकड, खुराचा चाकू, पाय टेकवायचा स्टँड, पोलादी टोकाचे बूट, धनुर्वाताची लस. उरलेले पैसे राखून ठेवा, म्हणजे एखाद्या घोड्याच्या खुराबद्दल शंका आली तर मालक एक्स-रेला तयार होईपर्यंत तिला वाट बघावी लागणार नाही. हत्यारांची निवड तिला करू द्या.