युद्धदेवाचे नाव, संताची ओळख

प्रश्न : आमच्या नातवाचा बाप्तिस्मा नोव्हेंबरात आहे आणि त्याचे नाव मार्टिन ठेवायचे ठरले आहे. हे नाव मूळचे रोमन युद्धदेवाचे असल्याचे एका नातलगाने सांगितल्यापासून घरात कुरबुर सुरू आहे. यात तथ्य आहे का? ‘मार्टिन्स’ हे आडनावही त्यावरूनच आले का?
– एक वाचक, वसई

उत्तर : व्युत्पत्तीपुरते तुमच्या नातलगांचे म्हणणे बरोबर आहे. ‘मार्तिनुस’ हे लॅटिन नाव मार्स या रोमन युद्धदेवाच्या नावाला संबंधदर्शक प्रत्यय लागून बनले असून त्याचा अर्थ ‘मार्सचा’ असा होतो. ज्याला आपण मंगळ म्हणतो त्या ग्रहाचे युरोपीय नाव आणि मार्च महिन्याचे नाव याच देवावरून आले आहे.

मात्र हे नाव युरोपभर पसरले ते चौथ्या शतकातील एका संतामुळे. आजच्या हंगेरीतील सोम्बाथेय येथे, म्हणजे तेव्हाच्या साव्हारिया नगरात, एका रोमन सैनिकी अधिकाऱ्याच्या घरी जन्मलेल्या मार्तिनुसलाही सैन्यात जावे लागले. आमिआँ नगराच्या वेशीवर थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला, अशी कथा त्याच्या समकालीन चरित्रकाराने नोंदवली आहे. युद्धदेवाचे नाव धारण करणाऱ्या या माणसाने पुढे लढण्यास नकार देऊन सैन्य सोडले आणि तो फ्रान्समधील तूर येथे बिशप झाला. आमच्या मते घरातली कुरबुर मिटवायला एवढा इतिहास पुरेसा ठरावा. त्या झग्याचा अवशेष जिथे जपला जाई, त्या जागेच्या लॅटिन नावावरून ‘चॅपल’ हा शब्द रूढ झाला.

संत मार्टिन ३९७ मध्ये निवर्तले. ११ नोव्हेंबर हा त्यांच्या दफनाचा दिवस त्यांचा सण म्हणून पाळला जातो. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांचा बाप्तिस्मा १४८३ मध्ये याच तारखेला झाला, म्हणून त्यांना हे नाव मिळाले. अमेरिकेतील मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) यांचे जन्मनाव मात्र मायकल होते; त्यांचे वडील १९३४ मध्ये जर्मनीला जाऊन आले आणि त्यानंतर पिता-पुत्र दोघांचेही नाव ल्यूथर यांच्यावरून बदलले. तुमच्या घरचा समारंभ नोव्हेंबरातच असल्याने तारीख जुळवता आली तर पाहावे.

पोर्तुगीज भाषेत या नावाची ‘मार्टिम’ आणि ‘मार्टिन्यो’ अशी दोन रूपे आहेत. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये ज्यांच्यासोबत गोव्यात आले, ते गव्हर्नर मार्टिम अफोन्सो द सोझा यांच्या नावात पहिले रूप दिसते. ‘मार्टिन्स’ म्हणजे मुळात ‘मार्टिमचा मुलगा’. फर्नांडिस आणि रॉड्रिग्ज ही आडनावेही अशीच पित्याच्या नावावरून बनली आहेत. गोव्यात मात्र ती बहुधा धर्मांतराच्या वेळी धर्मपित्याकडून किंवा धर्मगुरूकडून मिळाली, त्यामुळे एकाच आडनावाच्या दोन कुटुंबांत रक्ताचे नाते असेलच असे नाही.