डोळे वटारल्यासारखे दिसतायत, असेच राहणार काय?

प्रश्न : मी फोंड्याजवळ राहते, वय ५३. वरच्या पापण्यांची कातडी खूप लोंबली होती म्हणून नऊ दिवसांमागे दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. टाके काढले, पण डावा डोळा उजव्यापेक्षा लहान दिसतो, गालापर्यंत हिरवं-पिवळं उतरलंय आणि जाऊ म्हणते तू सारखी डोळे वटारून बघतेस. रात्री डोळे पूर्ण मिटत नाहीत. वाड्यावर मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणून सांगितलंय. पंधरा दिवसांवर गणपतीची चवथ आहे, घर माणसांनी भरणार. काही चुकलं तर नसेल?

उत्तर : ताई, आधी मोतीबिंदूचं. त्यात दोन्ही डोळे असे काळेनिळे होत नाहीत, त्यामुळे वाड्यावर एखाद्या मावशीनं तरी ओळखलंच असणार, तेवढं टेन्शन सोडूनच द्या.

तुम्ही लिहिलंय त्यावरून काही बिघडलंय असं मला वाटत नाही, नवव्या दिवशी चेहरा साधारण असाच दिसतो. पापणीची कातडी अख्ख्या अंगात सगळ्यात पातळ, त्यामुळे थोडं रक्त साकळलं तरी लगेच दिसतं आणि मग ते आपल्या वजनानं खाली गालावर उतरतं. आधी जांभळं, मग हिरवं, मग पिवळं, म्हणजे तुमचं ओसरायलाच लागलंय. हे डाग बहुतेकांचे दोनेक आठवड्यांत जातात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, नंतर उतरते, पण दोन्ही बाजूंची एकाच वेगानं उतरेल असं नाही, म्हणून एक डोळा लहान दिसतो. वटारल्यासारखं दिसतं तेही सूज आणि कातडीच्या ताणामुळे, आणि पापणीची घडी सुरुवातीला जरा वर दिसतेच. काही आठवड्यांत ती खाली बसते. खरा आकार कळायला तीन ते सहा महिने जातात, तोवर दर तासाला आरशासमोर उभं राहून दोन डोळ्यांची तुलना करू नका, सकाळी तर नकोच, कारण रात्रभर आडवं झोपल्यावर सूज जास्त दिसते. दोन उश्या घेऊन झोपा. खाऱ्या सुक्या मासळीला थोडे दिवस रजा द्या, जास्त मीठ पोटात गेलं की सूज रेंगाळते.

डोळे पूर्ण न मिटणं मात्र हलक्यात घेऊ नका. काही दिवस, कधी काही आठवडे असं होतं, पण तेवढ्यात बुबुळ कोरडं पडून इजा होऊ शकते. दिवसा थेंब आणि रात्री मलम डॉक्टरांनी दिलंय तसं चालू ठेवा, मलमानं थोडं धूसर दिसेल. झोपताना फॅनचा वारा तोंडावर नको. टोचायला, लाल व्हायला लागलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

आणि अचानक जोरात दुखलं, एक डोळा टणक होऊन बाहेर आल्यासारखा वाटला किंवा नजर कमी झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सरळ इमर्जन्सीला जायचं. डोळ्यामागे रक्तस्राव झाला तर नजर जाऊ शकते. हे क्वचित होतं, बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांतच, तरी माहीत असलेलं बरं.

चवथीला तुम्ही चोविसाव्या दिवशी असाल. पाहुण्यांसमोर बसण्याइतका चेहरा बहुतेक झालेला असेल, टाक्याची रेघ मात्र गुलाबी असणार, ती फिकी पडायला काही महिने लागतात. उन्हात काळा चष्मा लावा, नाहीतर रेघ काळपट होते. गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी यंदा पोरांना बांधू दे. खाली वाकून जड पातेली उचलणं डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको, नेवऱ्या बसून भरा आणि तळायला जावेला बसवा, एवढं बोललीय तर तेवढं करू दे तिला! काजळ-आयलायनर दोन आठवडे तरी नाहीच, नंतर डॉक्टरांना विचारून, तेही नवीन आणा, जुनी डबी नको. लावताना पापणीची कड बधिर लागेल, घाबरू नका, तिथली संवेदना यायला कधी कधी दोन-तीन महिने लागतात. हात मात्र जपून चालवा, काडी टोचली तरी लगेच कळणार नाही.